फोनला जोडायचा ‘डॅक’ : खरेदीपूर्वी हेडफोनच्या खोक्यावरील दोन आकडे वाचा

मोबाइल फोनच्या कडेला असणारी हेडफोनची गोल खोबण ॲपल कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये ‘आयफोन ७’ मधून काढून टाकली. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘गॅलक्सी नोट १०’ सादर करताना सॅमसंगनेही तोच कित्ता गिरवला. एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कॉल जोडणाऱ्या पिनेशी नाते सांगणारी ही खोबण गेल्याने तारेचे हेडफोन वापरणाऱ्यांची गैरसोय झाली आणि त्या गैरसोयीतून एक नवी बाजारपेठ उभी राहिली. फोनच्या टाइप-सी खोबणीत बसणारी बोटाएवढी ‘डोंगल’ आणि स्वतःची बॅटरी असलेल्या, पत्त्यांच्या जोडाएवढ्या डब्या आज शे-दीडशे रुपयांपासून लाखाच्या वर अशा कोणत्याही किमतीला मिळतात. जाहिरातींची भाषा मात्र सर्वत्र एकच असते. आपल्या फोनमधून येणारे संगीत अपुरे आहे, हे उपकरण लावताच ते ‘खुलेल’, असे त्या सांगतात.

हा दावा कोणाच्या बाबतीत खरा आहे आणि कोणाच्या बाबतीत पैशांचा अपव्यय, हे उपकरणाच्या माहितीपत्रकावरून ठरत नाही. त्याचे उत्तर ग्राहकाच्या हाती आधीपासूनच असलेल्या हेडफोनच्या खोक्यावर छापलेले असते.

त्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. ज्यांचे हेडफोन वा इअरबड ब्लूटूथवर चालतात, त्यांना या खरेदीचा काहीही उपयोग नाही. वायरलेस हेडफोनमध्ये स्वतःचा डॅक आणि स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. फोन त्याच्याकडे केवळ आकडे पाठवतो. फोनला जोडलेली महागडी डबी त्या वाटेत कुठेही येत नाही. दुकानदार हे सांगेलच असे नाही.

डॅक आणि ॲम्प्लिफायर ही दोन वेगळी कामे करणारी मंडले आहेत. डिजिटल ध्वनी म्हणजे आकड्यांची माळ. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजलेली असते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिलेले असते. या आकड्यांवरून पुन्हा अखंड विद्युतलहर तयार करणे हे डॅकचे, म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टरचे काम. ती लहर हेडफोनचा पडदा हलवण्याइतकी सशक्त करणे हे ॲम्प्लिफायरचे काम. फोनच्या स्पीकरमधून आवाज येतो, त्याअर्थी ही दोन्ही मंडले प्रत्येक फोनमध्ये असतातच. नाहीशी झाली आहे ती केवळ त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची खोबण. टाइप-सी डोंगलमध्ये ही दोन्ही कामे करणारी, नखाएवढी चिप बसवलेली असते.

आजच्या चांगल्या चिपमध्ये यांपैकी पहिले काम जवळपास निर्दोष होते. निवडीचा खरा प्रश्न दुसऱ्या कामाचा आहे.

दोन आकडे आणि थोडे गणित

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे शोधावेत. पहिला ओहममधील ‘इम्पीडन्स’, म्हणजे हेडफोन विद्युतप्रवाहाला करीत असलेला विरोध. दुसरा डेसिबलमधील ‘सेन्सिटिव्हिटी’, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर हेडफोन किती मोठा आवाज काढतो, ते माप. डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. दहा डेसिबलने आवाज वाढवायचा तर वीज दहापट लागते, वीस डेसिबलसाठी शंभरपट. कानाला मात्र दहा डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठी वाटते.

सर्वसाधारण इअरफोनचे उदाहरण घेऊ. त्यावर ३२ ओहम आणि एका मिलिवॉटला १०५ डेसिबल असे लिहिलेले असते. ॲपलच्या साध्या टाइप-सी डोंगलमधून सुमारे एक व्होल्ट मिळतो. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, या शाळेत शिकलेल्या सूत्राने तो इअरफोन ३१ मिलिवॉट घेईल आणि आवाज १२० डेसिबलपर्यंत पोहोचेल. ही पातळी कानाला वेदना देणारी आहे. प्रत्यक्षात ऐकताना यातल्या शंभराव्या हिश्श्याचीही गरज नसते. अशा इअरफोनसाठी सामर्थ्यवान ॲम्प्लिफायर विकत घेणे म्हणजे गल्लीत फिरण्यासाठी मालमोटार घेणे होय. भारतातील बहुसंख्य तारेचे इअरफोन याच वर्गातले आहेत.

आता स्टुडिओत वापरला जाणारा, २५० ओहमचा आणि एका मिलिवॉटला ९६ डेसिबल देणारा हेडफोन घ्या. जर्मनीच्या बायरडायनॅमिक कंपनीचा ‘डीटी ७७० प्रो’ हा याच वर्गात मोडतो. तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा वेगवेगळ्या आवृत्त्यांत विकला जातो आणि घाईत खोके उचलणारे ग्राहक नेमके इथेच फसतात. एका व्होल्टवर २५० ओहमची आवृत्ती केवळ चार मिलिवॉट घेते आणि कमाल आवाज १०२ डेसिबल होतो. आकडा मोठा दिसतो, पण तो संगीतातील सर्वोच्च क्षणाचा आहे. आजच्या चित्रपटगीतांत सरासरी आवाज त्या शिखरापासून फारसा खाली नसतो. त्यामुळे गाणे भरपूर मोठे वाटते. ख्यालगायनाच्या ध्वनिमुद्रणात मात्र संथ आलाप आणि द्रुत तानांचे शिखर यांत वीस डेसिबल वा त्याहून अधिक अंतर असू शकते. मग व्हॉल्यूम पूर्ण वाढवूनही आलाप दूरवर चालल्यासारखा भासतो. दोन व्होल्ट देणारे डोंगल याच हेडफोनला १६ मिलिवॉट देते, कमाल पातळी १०८ डेसिबलवर जाते आणि प्रश्न मिटतो. येथे अधिकचे पैसे सार्थकी लागतात, पण तेही काही हजारांतच.

तिसरा वर्ग ‘प्लॅनर मॅग्नेटिक’ हेडफोनचा. यातील काही प्रकार विजेचे मोठे खादाड असतात. हायफायमॅन या चिनी कंपनीचा ‘एचई-६’ त्यासाठी प्रसिद्धच आहे. त्याचा इम्पीडन्स अवघा ५० ओहम, पण सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८३.५ डेसिबल. संगीताची शिखरे १०५ डेसिबलपर्यंत न्यायची तर त्याला सुमारे १४० मिलिवॉट लागतात. म्हणजे ‘ओहम जास्त तर ॲम्प्लिफायर हवा, ओहम कमी तर नको’ हा सर्वत्र ऐकू येणारा नियम अर्धसत्य आहे. दोन्ही आकडे एकत्र वाचले तरच अर्थ लागतो.

याच आकड्यांत दोन पळवाटाही दडलेल्या असतात. काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॉटला मोजतात, काही एका व्होल्टला. वर उल्लेखलेला ३२ ओहमचा इअरफोन पहिल्या पद्धतीने १०५ डेसिबलचा, तर दुसऱ्या पद्धतीने १२० डेसिबलचा ठरतो, वस्तू तीच. दुसरी पळवाट ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर असते. ‘६०० मिलिवॉट’ असे ठळक छापलेले असते आणि बारीक अक्षरांत ‘३२ ओहमला’. या शक्तीसाठी सुमारे ४.४ व्होल्ट लागतात. तेवढेच व्होल्ट ३०० ओहमच्या हेडफोनला दिले तर ६४ मिलिवॉट पोहोचतात. तरीही ते पुरेसे असतात, हा भाग वेगळा. पण खोक्यावरच्या आकड्याचा दहावा हिस्साच आपल्या वाट्याला येणार आहे, हे ग्राहकाला माहीत असावे.

एका अज्ञात अभियंत्याचा धडा

माहितीपत्रकात क्वचितच ठळकपणे दिला जाणारा आणखी एक आकडा आहे. तो ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या अंतर्गत विरोधाचा, म्हणजे ‘आउटपुट इम्पीडन्स’चा. हा आकडा हेडफोनच्या ओहमच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम सांगितला जातो. ३२ ओहमच्या हेडफोनसाठी चार ओहमपेक्षा कमी. कारण असे की अनेक इअरफोनचा विरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. विशेषतः एकाच इअरफोनमध्ये तीन-चार सूक्ष्म ड्रायव्हर बसवलेले असतील, तर तो काही स्वरांना तीस ओहम आणि काहींना सात-आठ ओहम इतका बदलतो. ॲम्प्लिफायरचा अंतर्गत विरोध जास्त असल्यास कमी ओहमचे स्वर दबतात, इतर स्वर पुढे येतात आणि इअरफोनचा मूळ स्वभावच बदलतो. दोन उपकरणांच्या आवाजात खरोखर कानाला जाणवेल असा फरक पडण्याचे हे एक मोठे कारण आहे. बऱ्याच साध्या डोंगलमध्ये हा विरोध एक ओहमच्या आसपास असतो. स्टुडिओतल्या काही जुन्या, भारदस्त यंत्रांपेक्षा ती या बाबतीत सरस आहेत.

या मोजमापांचा आग्रह रुजवण्यात ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ हे टोपणनाव घेतलेल्या एका अभियंत्याचा मोठा वाटा आहे. २०११ मध्ये त्याने ‘ऑब्जेक्टिव्ह-२’ नावाचा, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर तयार केला, त्याची मोजमापे जाहीर केली आणि आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. अनेक पटींनी महाग उपकरणांच्या तोडीस तोड मोजमापे देणारा हा ॲम्प्लिफायर जगभरातल्या हौशी मंडळींनी घरी बनवला, लहान उत्पादकांनी विकला. पुढच्याच वर्षी त्याने डॅकचाही आराखडा दिला आणि २०१२ मध्ये तो लिहायचा थांबला. तो कोण होता, हे आजवर उघड झालेले नाही. पण पारदर्शक, निर्दोष ॲम्प्लिफायर बनवणे हे गूढ वा खर्चिक काम उरलेले नाही, हा त्याचा मुद्दा आज थोडक्या किमतीची चिनी डोंगले रोज सिद्ध करीत आहेत.

मोठ्या आकड्यांचा मोह

जाहिरातींत सर्वाधिक जागा व्यापतात ती ‘३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ’ यांसारखी बिरुदे. सेकंदाला ४४,१०० मोजमापे घेतली तर २२,०५० हर्ट्झपर्यंतचा प्रत्येक स्वर त्यात पूर्णपणे सामावतो, हे गणिताने सिद्ध आहे. मनुष्याच्या श्रवणाची सीमा तरुणपणी २०,००० हर्ट्झ असते आणि वयाबरोबर घटत जाते. बिटांचा संबंध सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातील अंतराशी आहे. १६ बिटांत ते सुमारे ९६ डेसिबल भरते. रात्रीच्या शांत घरातही तीसेक डेसिबलचा मंद गोंगाट असतो. त्यावर ९६ डेसिबल रचले तर आपण वेदनेच्या पातळीपलीकडे जातो. ध्वनिमुद्रण आणि संपादनात २४ बिटांची मोकळीक उपयोगी पडते. ऐकणाऱ्याला तिचा लाभ फारसा होत नाही. ७६८ किलोहर्ट्झचे संगीत तर बाजारात जवळपास उपलब्धच नाही.

मराठी रसिकांच्या संग्रहात जुन्या ध्वनिमुद्रिकांना मानाचे स्थान आहे. बालगंधर्वांची नाट्यपदे किंवा अब्दुल करीम खाँ यांच्या ठुमऱ्या मुळात ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर मुद्रित झाल्या. त्या तबकड्यांची स्वरमर्यादा आणि खरखर लक्षात घेता, तेच संगीत ‘२४ बिट’ असे लेबल लावून विकले म्हणून त्यात नवे काही अवतरत नाही. काळजीपूर्वक केलेले हस्तांतरण आणि चांगला हेडफोन, एवढ्यावरच त्यांचे सौंदर्य अवलंबून असते.

चिपच्या नावांचाही असाच बडिवार माजवला जातो. अमेरिकेच्या ईएसएस आणि सिरस लॉजिक, जपानची असाही कासेई समूहातील एकेएम ही त्यांतील प्रमुख नावे. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील एकेएमच्या कारखान्याला भीषण आग लागली आणि पुरवठा ठप्प झाला. अनेक उत्पादकांना आपल्या उपकरणांचा आराखडा बदलून दुसऱ्या कंपनीच्या चिप वापराव्या लागल्या. अमुक चिपचा आवाज ‘उबदार’, तमुक चिपचा ‘धारदार’ अशी वर्णने करणाऱ्यांसाठी ती कसोटीच होती. व्यवहारात उपकरणे बदलली, संगीताचे फारसे काही बिघडले नाही. चिपभोवतीचे मंडल कसे रचले आहे, हे चिपच्या नावापेक्षा महत्त्वाचे असते.

फोनशी जुळते का?

भारतातील ग्राहकांचे पैसे सर्वाधिक वाया जातात ते येथे. रस्त्यावरच्या दुकानात शे-दीडशे रुपयांना मिळणारी टाइप-सी ते गोल खोबण अशी जोडणी पुष्कळदा नुसती तार असते. तिच्यात चिप नसते. फोनमधल्याच डॅकमधून आलेला ध्वनी ती बाहेर आणते. अनेक फोन टाइप-सी खोबणीतून असा ध्वनी बाहेर सोडतच नाहीत. मग जोडणी ‘खराब निघाली’ असा समज होतो. खरेदी करताना आत डॅक चिप आहे का, हे विचारून घ्यावे आणि शक्य असल्यास स्वतःच्या फोनवर लावून पाहावे. काही फोनमध्ये ‘ओटीजी’ ही सोय सेटिंगमध्ये जाऊन सुरू केल्याशिवाय डोंगल ओळखलेच जात नाही.

ॲपलचे डोंगल स्वस्त आणि मोजमापांत उत्तम असले, तरी अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज क्षीण येतो. दोष डोंगलच्या सामर्थ्याचा नसतो; त्याच्या आतील व्हॉल्यूम पूर्ण खुले करण्याची आज्ञा ते फोन देत नाहीत. अँड्रॉइडधारकांनी अँड्रॉइडसाठीच बनवलेले डोंगल घेणे श्रेयस्कर. शिवाय बहुतेक अँड्रॉइड फोन सर्व ध्वनी एकत्र करून ४८ किलोहर्ट्झवर आणतात आणि मगच बाहेर पाठवतात. २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून मूळ आकडे जसेच्या तसे यूएसबीवाटे पाठवण्याची सोय झाली आहे. ती वापरायची तर संगीताच्या ॲपनेही तिला साथ द्यावी लागते. आयफोनवर ४८ किलोहर्ट्झहून वरचे संगीत हवे असल्यास बाहेरचा डॅक लागतो, असे ॲपलच सांगते. ते हवे का, याचे उत्तर वर आलेच आहे.

डोंगल वीज फोनकडूनच घेते. सामर्थ्य जितके अधिक तितकी फोनची बॅटरी लवकर उतरते, आणि गाणे ऐकताना फोन चार्ज करायचा तर खोबण मोकळी नसते. लांबच्या प्रवासात हा मुद्दा आवाजाच्या गुणवत्तेपेक्षा मोठा ठरतो. ब्रिटनच्या कॉर्ड कंपनीने २०१५ मध्ये ३९९ पौंडांना आणलेल्या ‘मोजो’सारख्या स्वतंत्र बॅटरीच्या डब्या फोनवर भार टाकत नाहीत, पण खिशात दोन जड वस्तू आणि मध्ये लोंबणारी तार सांभाळावी लागते. अशा डब्या हौसेने घेतल्या जातात आणि काही महिन्यांनी टेबलावर कायमच्या विसावतात, असे अनेकदा दिसते. कपड्याला अडकवायचे ब्लूटूथ रिसीव्हर हा मधला मार्ग आहे. तारेचा हेडफोन त्यात लावायचा, फोन खिशातच राहतो. ब्लूटूथच्या एलडॅक पद्धतीत सेकंदाला कमाल ९९० किलोबिट जातात, तर सीडीचा प्रवाह १,४११ किलोबिटांचा असतो. म्हणजे थोडी काटछाट होते, पण बसमध्ये वा लोकलमध्ये ती ऐकू येणे अवघड. या रिसीव्हरांत पुष्कळदा चांगला इक्वलायझर असतो आणि हेडफोनचा स्वभाव सुधारण्यासाठी तो कोणत्याही महागड्या चिपपेक्षा अधिक उपयोगी पडतो. मोबाइल खेळांत मात्र आवाज किंचित मागाहून येतो.

मध्यम किमतीच्या उपकरणांवर ४.४ मिलिमीटरची दुसरी, ‘बॅलन्स्ड’ खोबण दिसते. तिच्यातून दुप्पट व्होल्ट मिळू शकतात. खादाड हेडफोनला त्याचा लाभ आहे, साध्या इअरफोनला नाही. साध्या ३.५ मिलिमीटर पिनेचा हेडफोन जोडणी लावून या खोबणीत घुसवू नये. त्यात दोन्ही बाजूंच्या ऋण तारा एकमेकींना चिकटतात आणि ॲम्प्लिफायर जळू शकतो.

परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटीचा हिशेब आधी करावा. वॉरंटी भारतात लागू आहे का, हेही पाहावे. डोंगलची छोटी तार हा त्याचा सर्वांत नाजूक भाग. ती सुटी करून बदलता येत असेल, तर त्यासाठी थोडे जास्त पैसे देण्यास हरकत नाही.

ऐकून पारखताना दोन उपकरणांचा आवाज नेमका सारखा ठेवावा. एखाद्या डेसिबलने मोठे वाजणारे उपकरण ‘मोठे’ न वाटता ‘अधिक चांगले’ वाटते; दुकानांतील पुष्कळ विक्री या भ्रमावर होते. शक्य झाल्यास कोणते उपकरण वाजते आहे, ते दुसऱ्याला बदलायला सांगून आपण न पाहता ओळखावे. नंतर संगीत थांबवून, इअरफोन कानात ठेवून व्हॉल्यूम मध्यावर न्यावा. सळसळ ऐकू आली, तर ते उपकरण आपल्या इअरफोनसाठी नाही, मग त्याची शक्ती कितीही असो. तानपुऱ्याची जवार विरत जाताना हीच सळसळ सर्वाधिक बोचते.

कानांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. त्यानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. आवाज तीन डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलवर आठवड्याचे चारच तास उरतात आणि १०० डेसिबलवर जेमतेम वीस मिनिटे. असुरक्षित श्रवणामुळे जगातील एक अब्जाहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका असल्याचे संघटनेचे म्हणणे आहे. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

युरोपात ही काळजी उपकरणातच घेतली जाते. ॲपलच्या त्याच डोंगलची युरोपीय आवृत्ती सुमारे अर्धाच व्होल्ट देते. इतरत्र अशी अडवणूक नाही. फोन आवाजाबाबत सूचना देतो खरा, पण बाहेरून जोडलेल्या ॲम्प्लिफायरची ताकद त्याला ठाऊक नसते. पडद्यावरचा निम्मा व्हॉल्यूम प्रत्यक्षात धोकादायक पातळी असू शकतो. काही डोंगले जोडताक्षणी पूर्ण आवाजाने सुरू होतात. म्हणून आधी डोंगल जोडावे, व्हॉल्यूम शून्याजवळ आणावा, ‘हाय’ आणि ‘लो’ असा गेनचा पर्याय असेल तर ‘लो’ निवडावा, गाणे सुरू करावे आणि त्यानंतरच इअरफोन कानात घालावा. घरातील मुले तेच उपकरण वापरणार असतील, तर फोनच्या सेटिंगमध्ये कमाल व्हॉल्यूमची मर्यादा घालून ठेवावी. डोंगल बदलले की ती मर्यादा नव्याने तपासावी लागते.